नॅनोडॉटमधला भोवरा: चुंबकन कसं उलटतं ते स्वतः गणून बघताना

निकेल आणि लोखंड ८०:२० प्रमाणात मिसळून झालेला मिश्रधातू म्हणजे परमॅलॉय. त्याची २०० नॅनोमीटर व्यासाची आणि २० नॅनोमीटर जाडीची एक गोल चकती, म्हणजेच एक नॅनोडॉट, डोळ्यासमोर आणा. बाहेरून जोराचं चुंबकीय क्षेत्र लावलं की आतले सगळे चुंबकनाचे बाण, म्हणजे जागोजागचं चुंबकत्व कुठल्या दिशेला आहे ते दाखवणारे बाण, एका दिशेला. क्षेत्र हळूहळू काढून घेतलं की ते तसे राहत नाहीत. कडेकडेने वळत फेर धरतात, आणि मधोमध, साधारण दहा नॅनोमीटर त्रिज्येच्या जागेत, इतक्या लहान वळणावर वळणं परवडत नाही म्हणून चकतीच्या प्रतलाबाहेर उभे राहतात. फेर म्हणजे भोवरा, मधला उभा भाग म्हणजे त्याचा गाभा.

हा भोवरा कधी जन्मतो, कुठून आत येतो, कुठून बाहेर जातो, हे घरच्या किंवा प्रयोगशाळेतल्या संगणकावर बघता येतं. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी हा विषय घेतलेल्यांना डोळ्यासमोर ठेवून पुढचं लिहितो आहे. सुरुवातीलाच एक सांगतो: सिम्युलेशन चालवलं की लूप, म्हणजे क्षेत्र उतरवून पुन्हा चढवताना चुंबकन कसं बदलतं त्याचा बंद आलेख, येतोच. काहीही चुकीचं भरलं तरी येतो. तो चकतीचा लूप आहे की गणितासाठी तुम्ही चकतीवर आखलेल्या तुकड्यांच्या जाळीचा, हे ठरवणं हेच खरं काम.

आधी कागद

संगणक उघडण्याआधी अर्धा तास कागदावर घालवा. परमॅलॉयसाठी तीन आकडे लागतात. संपृक्त चुंबकन, म्हणजे सगळे बाण एका दिशेला असतानाचं चुंबकन, ८०० किलोअँपिअर प्रति मीटर, म्हणजे टेस्लाच्या भाषेत जवळजवळ बरोबर १ टेस्ला. एक्स्चेंज स्थिरांक, म्हणजे शेजारचे बाण एकमेकांना समांतर धरण्याचा जोर, १३ पिकोज्यूल प्रति मीटर. स्फटिकामुळे येणारी असमदिकता शून्य धरायची. परमॅलॉय वापरण्यामागचं कारणच ते आहे, बाणांना एखादी दिशा जन्मजात लाडकी नसते.

पहिल्या दोन आकड्यांतून एक लांबी निघते: एक्स्चेंज लांबी. एक्स्चेंज स्थिरांकाच्या दुपटीला चुंबकनाच्या वर्गाने आणि म्यू-शून्य या निर्वाताच्या चुंबकीय स्थिरांकाने भागा, वर्गमूळ काढा. ५.७ नॅनोमीटर येतं. ही या सगळ्या खेळातली मोजपट्टी. शेजारचे बाण एकमेकांना किती अंतरापर्यंत सरळ धरून ठेवतात, ते ही सांगते.

आता ऊर्जा. चकतीत सगळे बाण एकाच दिशेला असतील तर दोन विरुद्ध कडांवर चुंबकीय ध्रुव उघडे पडतात आणि त्याची किंमत मोजावी लागते. ही किंमत आकारावरून ठरवणारा आकडा म्हणजे विचुंबकन गुणक; या चकतीचा प्रतलातला तो साधारण ०.१ आहे. घनफळ ६,२८,००० घन नॅनोमीटर. गुणाकार केला की एकसंध, म्हणजे सगळे बाण एका दिशेच्या, अवस्थेची ऊर्जा सुमारे २५ ॲटोज्यूल (ॲटो म्हणजे १०⁻¹⁸) निघते. भोवऱ्यात कडेवर ध्रुवच नाहीत, तिथे खर्च होतो तो बाण वाकवण्याचा. २π गुणिले एक्स्चेंज स्थिरांक गुणिले जाडी, आणि त्याला चकतीची त्रिज्या भागिले गाभ्याची त्रिज्या याचा नैसर्गिक लॉगॅरिदम. येतात जेमतेम ४ ॲटोज्यूल. गाभ्याचे आणखी दीड-दोन धरा. तरीही भोवरा चौपटीहून स्वस्त.

हाच हिशेब ६० नॅनोमीटर व्यास आणि ५ नॅनोमीटर जाडीच्या चकतीसाठी करून बघा. एकसंध अवस्था अर्ध्या ॲटोज्यूलच्या आसपास. भोवऱ्याचं वाकण्याचंच बिल तेवढं होतं आणि वर गाभ्याची जवळजवळ तेवढीच भर पडते. इथे भोवरा महाग, चकती एकच डोमेन, म्हणजे एकाच दिशेच्या बाणांचा प्रदेश, होऊन राहणार. मधली सीमा साधारण कुठे आहे हे लक्षात ठेवायचं असेल तर जाडी गुणिले त्रिज्या घ्या आणि एक्स्चेंज लांबीच्या वर्गाच्या वीसपटीशी ताडून बघा. परमॅलॉयसाठी ते साडेसहाशे चौरस नॅनोमीटरच्या घरात जातं. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे, पण प्रकल्पासाठी कुठले व्यास निवडायचे हे ठरवायला पुरतो. १९९९ साली रसेल काउबर्न आणि सहकाऱ्यांनी केंब्रिजमध्ये परमॅलॉयच्याच जातकुळीतल्या सुपरमॅलॉयच्या चकत्या मोजल्या होत्या. १० नॅनोमीटर जाडीवर ३०० नॅनोमीटरची चकती भोवरा दाखवते आणि १०० नॅनोमीटरची एकसंध राहते, असं त्यांना दिसलं. आपल्या ठोकताळ्याने गुणाकार येतात १५०० आणि ५००. जुळतं.

कागदावरची शेवटची नोंद: भोवरा चकतीतून बाहेर हाकलायला किती क्षेत्र लागेल? विचुंबकन गुणक ०.१ आणि चुंबकन १ टेस्ला, म्हणजे १०० मिलिटेस्लाच्या आसपास. म्हणून क्षेत्राची फेरी २०० मिलिटेस्लापासून सुरू करायची. अनेकजण ५० वर सुरू करतात आणि मग चकती कधी संपृक्तच झाली नव्हती हे शेवटी कळतं.

कुठलं सॉफ्टवेअर

दोन नावं सतत कानावर येतील. ऊम्फ हे अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेत तयार झालेलं, साध्या प्रोसेसरवर चालणारं. म्यूमॅक्स-३ बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाचं, एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असल्याशिवाय न चालणारं. दोन्ही फुकट. आपल्या चकतीत पेशी, म्हणजे जाळीचे तुकडे, आहेत पंचवीस हजारांच्या आसपास. एवढ्याशा कामात ग्राफिक्स कार्डाचा फारसा फायदा होत नाही, तेव्हा कार्ड नाही म्हणून अडून बसू नका. मी पुढे म्यूमॅक्सच्या अंगाने लिहितो, कारण त्याची आज्ञावली अर्ध्या पानात संपते आणि ब्राउझरमध्ये ३५३६७ क्रमांकाच्या पोर्टवर चकती रंगीत हलताना दिसते. ते दिसणं शिकण्याच्या दृष्टीने मोलाचं आहे.

ऊम्फ घेतलंत तर एककांकडे लक्ष. तिथे क्षेत्र अँपिअर प्रति मीटरमध्ये जातं, म्हणून मिलिटेस्लात लिहायचं असेल तर ७९५.७७४७२ हा गुणक द्यावा लागतो. म्यूमॅक्स थेट टेस्ला घेतं. आणि जुने शोधनिबंध अर्स्टेडमध्ये बोलतात: १० अर्स्टेड म्हणजे १ मिलिटेस्ला.

जाळी

चकतीचे छोटे चौकोनी तुकडे करायचे. तुकड्याची बाजू एक्स्चेंज लांबीपेक्षा कमी हवी, कारण एका तुकड्यात एकच बाण असतो आणि त्याच्या आत काही वाकू शकत नाही. २.५ नॅनोमीटर घ्या. २०० नॅनोमीटरला ८० तुकडे होतात. ८० म्हणजे दोन आणि पाच याच आकड्यांचा गुणाकार, आतल्या फूरिए गणिताला असे आकडे आवडतात. ७९ किंवा ८३ दिलेत तर विनाकारण वेग मंदावतो. जाडीत ५ नॅनोमीटरचे चार थर. एकच थर ठेवला तरी लूप येतो, पण मग गाभा वरपासून खालपर्यंत सरळ नळकांडं बनतो, आणि तो तसा नसतो.

गोल चकती चौकोनी तुकड्यांत बसवली की कड जिन्यासारखी होते. या पायऱ्यांना बाण अडकतात. म्यूमॅक्समध्ये कड गुळगुळीत करण्याची सोय आहे, 'एज-स्मूथ' नावाची. मुळात ती बंद असते. तिला ८ ही किंमत द्या. भोवरा कडेवर जन्मतो आणि कडेवरच मरतो, तेव्हा कडेत कंजूषपणा नको.

क्षेत्र जरा तिरकं

माझ्या पहिल्या लूपची गोष्ट इथे सांगायलाच हवी. क्षेत्र बरोबर एक्स-अक्षावर, सुरुवातीचे बाण बरोबर एक्स-अक्षावर, चकती बरोबर गोल. लूप आला तो जाडजूड. शून्य क्षेत्रावरसुद्धा चुंबकन भरपूर शिल्लक. मी खुशीत वहीत लिहून ठेवलं की २०० नॅनोमीटरची चकती एकच डोमेन आहे. पुढचे कितीतरी दिवस मी त्याचं स्पष्टीकरण शोधत होतो, त्यावर एक अख्खं टिपण तयार केलं होतं. मार्गदर्शक सरांनी लूपकडे बघून एवढंच विचारलं, "क्षेत्र किती अंशावर लावलंस?" मी म्हटलं, शून्यावर. ते म्हणाले, "मग ती चकती बिचारी वळणार तरी कुठे? डावीकडे वळायला जेवढं कारण आहे तेवढंच उजवीकडे."

अडचण नेमकी तीच. वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब असेल तर समीकरणांना एक बाजू निवडायला काही निमित्तच नाही. खऱ्या चकतीत कड खडबडीत असते, तापमानाची थरथर असते, क्षेत्र कधीच तंतोतंत सरळ नसतं. संगणकात हे आपण घालायचं. क्षेत्राची दिशा एक अंशाने फिरवा: एक्सकडे ०.९९९८, वायकडे ०.०१७५. सुरुवातीचे बाणही एक्सकडे १ आणि वायकडे ०.०२ असे. बस. यापेक्षा जास्त, म्हणजे पाच-दहा अंश, देऊ नका. मग तुम्ही वेगळाच प्रयोग करत असता.

आता फेरी. अधिक २०० मिलिटेस्लापासून उणे २०० पर्यंत आणि परत. पाऊल २ मिलिटेस्ला. दर पावलावर क्षेत्र बदलायचं, 'मिनिमाइझ' म्हणायचं, तक्त्यात नोंद करायची. 'रिलॅक्स' आणि 'मिनिमाइझ' या दोन आज्ञांमध्ये नवखे गोंधळतात. अव्यवस्थित, यादृच्छिक अवस्थेतून शांत व्हायचं असेल तर रिलॅक्स. आधीच्या शांत अवस्थेपासून थोडंसंच सरकायचं असेल, जसं लूपमध्ये, तर मिनिमाइझ. कुठल्या क्षेत्राला उडी पडते ते पहिल्या फेरीत कळलं की त्या टापूत पाऊल अर्ध्या मिलिटेस्लावर आणून पुन्हा चालवा.

तक्त्यात सरासरी चुंबकनासोबत एकूण ऊर्जा नव्हे, तर एक्स्चेंज आणि विचुंबकन या दोन ऊर्जा वेगवेगळ्या नोंदवा. गाभ्याचं स्थान देणारी राशी म्यूमॅक्समध्ये तयार आहे, तीही घ्या.

पडद्यावर काय दिसतं

२०० मिलिटेस्लावर सगळी चकती एका रंगाची. क्षेत्र उतरवत जा. कडेला रंग किंचित बदलू लागतो. बाण आता कडेला समांतर होऊ पाहत आहेत. मग संपूर्ण चकती वाकते, इंग्रजी सी अक्षराच्या आकारात, म्हणूनच तिला सी-अवस्था म्हणतात. एका बाजूची कड आता जास्त ताणलेली असते. या टप्प्यावर पाऊल लहान ठेवून बघत राहा. एका पावलापर्यंत चकती सीच्या आकारात आहे, पुढच्याच पावलाला त्या ताणलेल्या कडेवर एक ठिपका उगवतो आणि तडक आत सरकतो. सरासरी चुंबकन धाडकन खाली. हे जन्मक्षेत्र. मोठ्या चकत्यांमध्ये हे क्षेत्र शून्यावर पोचण्याआधीच घडतं. सीमेजवळच्या लहान चकत्यांत क्षेत्र उलट्या दिशेला गेल्यावर.

यानंतर लूप सरळ रेषेत चालतो. शून्य क्षेत्रावर गाभा बरोबर मध्ये, सरासरी चुंबकन जवळजवळ शून्य. क्षेत्र उणे दिशेने वाढवलं की गाभा सरकतो, पण क्षेत्राच्या दिशेने नाही, तिच्याशी काटकोनात. आधी विचित्र वाटतं. पण फेर धरलेल्या बाणांपैकी क्षेत्राच्या दिशेचे बाण ज्या अर्ध्या भागात आहेत त्याचं क्षेत्रफळ वाढायला हवं, आणि त्यासाठी गाभ्याला बाजूलाच जावं लागतं. कुठल्या बाजूला, हे फेर घड्याळाच्या दिशेने आहे की उलट यावर. शेवटी गाभा कडेशी जातो, काही पावलं रेंगाळतो आणि नाहीसा होतो. हे मृत्यूक्षेत्र, आणि ते आपल्या कागदावरच्या १०० मिलिटेस्लाच्या परिसरात पडायला हवं.

एकूण लूप डमरूसारखा दिसतो: दोन्ही टोकांना फुगलेला, मध्ये चिमटलेला. एकसंध राहणाऱ्या लहान चकतीचा लूप असा नसतो. तिथे सगळे बाण एकत्र वळतात, शून्यावर चुंबकन जवळजवळ पूर्ण शिल्लक राहतं आणि आदर्श गोल चकतीत उलटायला क्षेत्र फारच थोडं लागतं. त्यावर यापेक्षा जास्त वेळ घालवण्यासारखं नाही.

विश्वास ठेवण्याआधी

चार गोष्टी तपासा. २०० मिलिटेस्लावरची विचुंबकन ऊर्जा २५ ॲटोज्यूलच्या जवळ आहे का? शून्य क्षेत्रावर एक्स्चेंज आणि विचुंबकन मिळून पाच-सहाच्या आसपास? नसतील तर एखादा आकडा चुकीच्या एककात गेलाय, बहुधा नॅनोमीटर लिहिताना एक शून्य निसटलाय. दुसरं, उतरता आणि चढता अर्धा एकमेकांचे जुळे आहेत का. तिसरं, गाभ्याजवळ टोपॉलॉजिकल चार्ज, म्हणजे बाणांच्या दिशा मिळून पूर्ण गोल किती वेळा झाकतात तो आकडा, मोजा, भोवऱ्यासाठी तो अर्धा येतो, अधिक किंवा उणे. चौथं आणि सगळ्यात कंटाळवाणं: पेशी १.२५ नॅनोमीटरची करून पूर्ण फेरी पुन्हा. जन्मक्षेत्र थोडं हललं तर चालेल. दहा-पंधरा मिलिटेस्लांनी हललं तर पहिला लूप जाळीचा होता.

भोवऱ्याच्या चार जाती असतात हेही इथेच सांगतो. फेर दोन दिशांपैकी एका दिशेने, गाभा वर किंवा खाली. ऊर्जा चौघांची सारखीच. तुमच्या फेरीत कुठली जात आली ते दर वेळी नोंदवा, नाहीतर दोन फेऱ्यांची तुलना करताना गाभा कधी वरच्या कडेकडे तर कधी खालच्या कडेकडे का पळतोय, यात दिवस जाईल.

मराठीतला भोवरा शब्द इथे दुहेरी चपखल बसतो. आतापर्यंत पाहिला तो नदीतला भोवरा. आता दोरीने फिरवायचा भोवरा बघायचा. ५ मिलिटेस्लाचं क्षेत्र लावून गाभा मध्यापासून जरा सरकवा, शांत होऊ द्या आणि क्षेत्र एकदम बंद करा. अल्फा, म्हणजे अवमंदन, ०.००८ ठेवा आणि २० नॅनोसेकंद खरी गती चालवा. गाभा सरळ मध्याकडे येत नाही. धक्का दिलेल्या लाकडी भोवऱ्यासारखा आडवा जातो आणि गोल गोल घिरट्या घालत, हळूहळू आत येत स्थिरावतो. दर १० पिकोसेकंदांनी त्याचं स्थान नोंदवून फूरिए रूपांतर काढा. कॉन्स्टँटिन गुस्लिएन्को आणि सहकाऱ्यांच्या सूत्राने या चकतीची वारंवारता १ गिगाहर्ट्झच्या जवळ निघते. सिम्युलेशन थोडं खाली आलं तर घाबरू नका, ५० किलोहर्ट्झ किंवा ५० गिगाहर्ट्झ आलं तर घाबरा. घिरट्यांची दिशा फेरावर अवलंबून नसते, फक्त गाभा वर आहे की खाली यावर असते. त्यामुळे गाभ्याची दिशा ओळखायची ही एक रीतही झाली.

गाभा वरचा खाली करायचा असेल तर स्थिर क्षेत्राने चकतीला लंब दिशेत अर्ध्या टेस्लाच्या आसपास जोर लावावा लागतो. २००६ साली असं दाखवलं गेलं की घिरट्यांच्या तालावर दिलेल्या अवघ्या १.५ मिलिटेस्लाच्या, काही नॅनोसेकंदांच्या झटक्याने तो उलटतो. हे सिम्युलेशनमध्ये करायचा मोह प्रत्येकाला होतो. करा, पण उलटण्याच्या क्षणी बाण इतक्या कमी अंतरात फिरतात की कुठलीही जाळी अपुरीच पडते. त्या क्षणाचे आकडे पेशीच्या आकारासोबतच द्या, एकटे देऊ नका.

प्रयोगाशी ताडताना

इलेक्ट्रॉन-बीम लिथोग्राफीने काढलेल्या चकत्या एकट्या-दुकट्या नसतात, हजारोंच्या रांगा असतात. प्रकाशाच्या केर परिणामाने, म्हणजे चुंबकनामुळे परावर्तित प्रकाशात पडणाऱ्या फरकावरून, मोजलेला लूप त्या सगळ्यांची सरासरी असतो. म्हणून तुमच्या सिम्युलेशनमधल्या उभ्या उड्या तिथे तिरक्या होतात. प्रत्येक चकतीची कड वेगळी, जन्मक्षेत्र वेगळं. दोन चकत्यांमधली मोकळी जागा व्यासाहून कमी असेल तर त्या एकमेकींना ढोसतात. म्यूमॅक्समध्ये आवर्ती सीमा लावून, म्हणजे तीच चकती शेजारी पुन्हा पुन्हा आहे असं धरून, हेही आणता येतं.

मॅग्नेटिक फोर्स मायक्रोस्कोप चुंबकीय सुई वरून फिरवून एकेक चकती दाखवतो. एकसंध चकती एका बाजूने उजळ, दुसऱ्या बाजूने काळी दिसते. भोवऱ्याची चकती जवळजवळ कोरी, मध्ये फक्त एक ठिपका. तेरुया शिंजो यांच्या गटाने २००० साली ५० नॅनोमीटर जाडीच्या परमॅलॉय चकत्यांत हेच ठिपके दाखवले, काही उजळ, काही काळे. ठिपका गाभ्याची दिशा सांगतो, पण फेर कुठल्या दिशेचा ते सांगत नाही, कारण फेरात ध्रुव नसतात आणि सुईला जाणवण्यासारखं काही उरत नाही. फेर ओळखायचा तर प्रतलात थोडं क्षेत्र लावून ठिपका कुठल्या बाजूला सरकतो ते बघायचं. सुई कमी चुंबकनाची घ्या. जोरदार सुई गाभ्याला स्वतःसोबत ओढत नेते आणि मग चित्रात ठिपक्याऐवजी पुसट ओरखडा येतो.

काही चकत्या भोवऱ्याच्या आणि काही एकसंध, अशी सरमिसळ असेल तर साध्या लूपवरून ती सुटी करता येत नाही. तिथे प्रथम-क्रम उलट वक्र कामी येतात: संपृक्त करा, एका ठरावीक क्षेत्रापर्यंत उतरा, तिथून परत चढत मोजा, मग जरा आणखी खाली उतरा, पुन्हा चढा. अशा पन्नास-शंभर वक्रांचं मिश्र द्वितीय अवकलन काढलं की भोवऱ्याचा जन्म आणि मृत्यू नकाशावर वेगवेगळ्या ठिकाणी उंचवट्यांसारखे उभे राहतात. २००७ मध्ये लोखंडाच्या ५२, ५८ आणि ६७ नॅनोमीटरच्या डॉट्सवर याच पद्धतीने, पंधरा नॅनोमीटरच्या फरकात एकसंध वागणं सरून भोवऱ्याचं वागणं कसं येतं, ते दाखवलं गेलं. सिम्युलेशनमध्ये एकाच आदर्श चकतीचे असे वक्र काढले तर उंचवट्यांऐवजी टाचणीसारखे बिंदू येतात. त्यांना रुंदी हवी असेल तर व्यास आणि कडेचा खडबडीतपणा थोडाथोडा बदलून वीस-तीस चकत्या चालवा आणि त्यांचे वक्र एकत्र करूनच अवकलन घ्या.